ताईला सर्दी नव्हती

३ फेब्रुवारी

दादांना नमस्कार, ताईंना नमस्कार, आणि मधल्या टपाल कचेरीत हे पाकीट वाफेवर धरून उघडणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. साहेब, दोन साडू एकमेकांना लिहिताहेत. ह्याची बायको त्याच्या बायकोची धाकटी बहीण, एवढंच आमचं कारस्थान. त्यापलीकडे काही सापडलं तर मलाही कळवा.

दादा, तुमच्या दोन नंबरच्या पंपासाठी पाठवलेलं बेअरिंग पुलावरून परत आलं. खोक्यावर हा एवढा लाल शिक्का. खोकं काखेत मारलं आणि तडक जकात कचेरी गाठली. तिथला साहेब भला माणूस, उगाच नावं का ठेवू. खुर्ची दिली.

म्हणाला, "नव्या यादीत आहे."

"कसली यादी?"

"शत्रूला सामरिक उपयोग होऊ शकेल अशा वस्तूंची."

"साहेब, हा पाणी चढवायचा पंप आहे. माझी मेहुणी त्या पाण्याने भांडी घासते."

"रणगाड्यालाही बेअरिंग लागतं."

"रणगाड्याच्या ड्रायव्हरला चहाही लागतो. तो आहे का यादीत?"

साहेबांनी खरंच पानं उलटली. "आहे," म्हणाले, "पान सतरा."

मी खोकं उचललं आणि घरी आलो. तुमच्या सरकारने उत्तर म्हणून ओतीव लोखंड थांबवलं, त्यामुळे माझे लेथ आठवड्यातले दोन दिवस हात बांधून उभे. मधल्या नदीतला गाळ दरवर्षी दोन्हीकडचे मिळून काढायचे, यंदा तेही बंद. फोनच्या तारा तर आधीच तोडल्या. आपल्या दोन्ही सरकारांचं सध्या रुसलेल्या जावांसारखं चाललंय. बोलायचं नाही, पण दुसरीच्या चुलीवर काय चढलंय यावरची नजर काढायची नाही.

मला मात्र राहून राहून तो दिवस आठवतो. पूल उघडा होता, मी डबा घेऊन तुमच्या काठावर कामाला यायचो, पंप हाऊसमधला सगळ्यात नवखा तेलवाला. तुम्ही फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर हातात दिलात. टोक पंपाच्या अंगावर टेकवायला लावलंत, मूठ कानामागच्या हाडावर. म्हणालात, "आता तोंड बंद कर, आणि तो काय म्हणतोय ते मला सांग." आज माझ्या वर्कशॉपात अकरा माणसं आहेत. ती माझ्या जिवावर आहेत असं लोकांना वाटतं. ती त्या स्क्रूड्रायव्हरवर आहेत. बायकोही तुम्हीच मिळवून दिलीत, पण ते उपकार की कसे यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

माझ्या गच्चीवरून तुमच्या टेकडीवरची पांढरी टाकी दिसते. सकाळी टाकी भरली की बाजूच्या नळीतून पाणी सांडतं आणि भिंतीवर ओली रेघ उतरते. आम्ही दोघं चहा घेऊन वर उभे असतो. रेघ दिसली की धाकटी म्हणते, "ताईकडे पाणी आलं." आणि मगच चहा पिते.

तर सांगा. दोन नंबर काय म्हणतोय?

तुमचा
कानसेन

*

१६ फेब्रुवारी

प्रिय कानसेन,

पाकीट पोचलं. डिंक दोनदा लावलेला होता, एकदा तुझा आणि एकदा सरकारी. सरकारी डिंक चांगला आहे.

एक नंबर नोव्हेंबरपासून उघडून ठेवलाय. त्याचा शाफ्ट तुमच्या पुलावर अडकला. तीन नंबर तुझ्या लग्नाच्या आधीचा. तो उभा आहे एवढंच त्याचं काम. म्हणजे अख्खं गाव एकट्या दोन नंबरवर पाणी पितं, दवाखान्यासकट. प्रेशरचा काटा जानेवारीत मेला. तोही तुमच्याकडचाच.

फिटर म्हणतो, महिन्याभरात आवाज बदललाय. खालून घरघर येते म्हणतो.

आता मुद्द्याचं. आमच्या पाठीमागचा जो मोठा देश आहे, त्याची तीन माणसं गेल्या आठवड्यात पंप हाऊसची मापं घेऊन गेली. बूट फार छान होते. नवे पंप ते फुकट देणार. बदल्यात हा नदीकाठ पन्नास वर्षं त्यांच्या ताब्यात, आणि पंपावर माणसंही त्यांचीच. तुमच्या काठावर नजर ठेवायला त्यांना याहून सोयीची जागा मिळणार नाही, हे मला मापं घेताना त्यांच्या दुर्बिणीवरून कळलं. पाणी मोजायला दुर्बीण लागत नाही. चेअरमन म्हणतात, "शेजाऱ्याच्या भंगारावर किती दिवस काढायचे?" पंधरा एप्रिलला पाणी समितीची बैठक आहे. तोवर दोन नंबर चालत राहिला तर मला बोलायला जागा आहे. बसला, तर मीही बसलो.

फिटरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज भरून पाठवतोय. यादी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आवाजाला बंदी नाही. दहा मिनिटं पंप आहे. शेवटी ताई धाकटीशी दोन वाक्यं बोलली आहे. बोलताना रडायचं नाही असं ठरवून बसली होती, म्हणून जरा शाळेतल्या कवितेसारखी वाटेल.

दादा

*

५ मार्च

दादा,

कॅसेट आली. वर शिक्का: "ऐकून तपासले." म्हणजे सरकारी नोकरीत एका माणसाने दहा मिनिटं बसून पंप ऐकला. साहेब, मानलं तुम्हाला.

वर्कशॉपातला टेपरेकॉर्डर घरी आणला. चार वर्षं लेथशेजारी पडून होता, आत निम्मा लोखंडाचा भुसा, पण फुंकर मारली आणि बोलायला लागला. डोळे मिटून तीनदा ऐकलं. दादा, शंकाच नको. खालून जड, जाड घरघर, जात्यात ओलं धान्य घातल्यासारखी. मागचं बेअरिंग गेलं. या आवाजावर मी झोपेतसुद्धा सही करीन.

नवीन पाठवता येत नाही म्हणून हातपाय गाळू नका. एक नंबर उघडाच आहे ना? त्याचं मागचं बेअरिंग मीच बसवलं होतं, पूल बंद व्हायच्या आदल्या वर्षी. ते काढा, दोन नंबरला घाला. पाणी तीन दिवस थांबेल, पण पुढचं वर्षभर चिंता नाही.

शेवटचा ताईंचा भाग धाकटीने ऐकला. "धाकटे, तब्येतीला जप. तुझी शाल मी रोज पांघरते." झालं, मला वाटलं आता डोळ्यांतून गंगा वाहणार. तर ही कपाळाला आठ्या घालून उभी.

"अहो, ही ताई नव्हे."

"मग कोण, चेअरमन?"

"ताईचा आवाज असा जाड नाही."

"सर्दी असेल. नदीकाठचं घर, ओल असतेच."

"सर्दीचा आवाज नाकात असतो. हा पोटात आहे."

"तीन वर्षं झाली भेटून. माणसाचा आवाज बदलतो."

"तुमचा बदलला का?" म्हणाली. "अजून तेवढाच मोठा आहे."

ताईंना आल्याचा काढा द्या. आणि एक विचारू? "फिटर म्हणतो" असं तुम्ही लिहिलंत. फिटर कशाला म्हणेल? तुम्ही काय म्हणता?

कानसेन

*

१९ मार्च

प्रिय कानसेन,

तू सांगितल्याप्रमाणे केलं. तीन दिवस पाणी बंद ठेवून दोन नंबर उघडला. मागचं बेअरिंग काढून दिव्याखाली धरलं. आरशासारखं होतं. तरीही एक नंबरचं बसवलं, पंप जोडला, सुरू केला. फिटर म्हणतो, आवाज तोच आहे, थोडा वाढलाय. टाकी पूर्वी सकाळी आठला भरायची, आता दुपार होते.

गावाची थोडी गैरसोय झाली. तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढ्या लांबून एवढं ऐकलंस, हेच खूप आहे. इथे जवळ उभं राहून तेवढं ऐकणारं कुणी नाही.

चेअरमननी मोठ्या देशाच्या माणसांना पंधरा तारखेला करार घेऊनच यायला सांगितलंय. पंधरा एप्रिलपर्यंत मी इथे आहे. त्यानंतरचं त्यानंतर.

ताईचा निरोप: तिला सर्दी नव्हती. अख्ख्या हिवाळ्यात एकदाही झाली नाही. काढा मात्र प्यायली, तू सांगितलास म्हणून.

दादा

*

२८ मार्च

दादा,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. तुमची टाकी तीन दिवस कोरडी होती, ते आम्ही गच्चीवरून पाहत होतो. मी धाकटीला सांगत होतो, "बघ, माझ्या शब्दावर काम चाललंय." केवढी ती ऐट! आणि मग ती ओळ वाचली. ताईंना सर्दी नव्हती.

मी कागद हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. धाकटी भाजी चिरत होती. माझं तोंड बघून विळी बाजूला केली.

"काय झालं?"

"ताईंना सर्दी नव्हती."

"मी काय सांगत होते?"

"मग आवाज जाड का?"

"ते तुम्ही सांगा. कानसेन तुम्ही."

दादा, पंचवीस वर्षं मी गावभर मशीनचे आवाज ओळखत फिरलो आणि जो डबा आवाज देतोय, त्याच्याकडे एकदाही कान दिला नाही. टेपरेकॉर्डर उघडला. आतला पट्टा सैल पडून चिकट झालेला. फीत हळू फिरत होती. फीत हळू, म्हणून ताई जाड. आणि ताई जाड, म्हणजे तुमचा पंपही जाड! मी तीनदा ऐकला तो तुमचा पंप नव्हताच, कुणा म्हाताऱ्या पंपाचा काका होता.

आता नेमकं किती हळू, हे कसं कळणार? माप काय लावायचं? पट्टा बदलला. मोटरच्या मागे भोकातून वेग बदलायचा बारीक स्क्रू असतो. धाकटीला समोर बसवलं, ताईंचं वाक्य लावलं, आणि घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घालून केसभर, केसभर फिरवत राहिलो. ती डोळे मिटून.

"अजून."

"आता?"

"ही आत्या झाली. अजून."

"आता?"

"पुढे गेलात. ही शाळेतली ताई. मागे या."

"आता?"

ताई म्हणाल्या, "तुझी शाल मी रोज पांघरते," आणि हिने पदर डोळ्यांना लावला. मी स्क्रूवरचा हात तिथल्या तिथे उचलला.

मग फीत मागे घेऊन पंप लावला. घरघर गेली कुठल्या कुठे! तिच्या जागी बारीक, कोरडी कडकड, कुणीतरी मूठभर खडी चावतंय तशी. दादा, हा आवाज मला पहिल्याच महिन्यात तुम्ही ऐकवला होता. तेव्हाचं तुमचं वाक्यही पाठ आहे: "हा दुखत नाहीये, हा उपाशी आहे." पंपाला काहीही झालेलं नाही. त्याला खालून पुरेसं पाणी मिळत नाही. यंदा गाळ काढला नाही, तुमच्या नदीतल्या पाइपाच्या तोंडाची चाळणी बुजली असणार. पाणबुड्या खाली उतरवा. एकही सुटा भाग लागणार नाही. यादीतलं एकही पान आडवं येणार नाही.

हा कान माझा नाही, धाकटीचा. त्या दिवशी तिचं ऐकलं असतं, तर तुमचं गाव तीन दिवस तहानलं नसतं. त्याची माफी मी मागतो. तीही मागायला लावते आहे, पण मी आधीच मागत होतो हे नोंदवून ठेवा.

आणखी एक विचारणार होतो. पंपाशेजारी उभं राहून हा आवाज तुम्हाला... जाऊ दे. विचारत नाही. तुम्हीही या प्रश्नाचं उत्तर लिहू नका. पत्रं चार हातांतून जातात.

आणि साहेब, मधले साहेब, आजवर मी तुमची थट्टा केली. आज हात जोडतो. तुमच्या टेबलावर पाकीट आठ-दहा दिवस मुक्काम करतं. ह्याला थांबवू नका. पंधरा तारखेच्या आत हे पलीकडे पोचलं नाही, तर त्या गावाचं पाणी दुसऱ्याच्या हातात जाईल. चाळणीबद्दल लिहिलंय, दुसरं काही नाही. हवं तर कॅसेट पुन्हा ऐका. तुमचाही टेपरेकॉर्डर तपासून घ्या.

कानसेन

*

१६ एप्रिल

प्रिय कानसेन,

तुझं पत्र एक एप्रिलला हातात पडलं. चार दिवसांत. टपालवाल्याला वाटलं कुणीतरी गंमत केली. सरकारी डिंकाचा पत्ता नव्हता, घाईघाईत नुसती पट्टी मारलेली. त्या माणसाचं तोंड मी कधी बघणार नाही, पण त्या दिवसापासून रोज त्याला आठवतो.

दोन तारखेला पाणबुड्या उतरवला. चाळणीवर हातभर शेवाळ, एक गोणपाट, आणि सगळ्यावर झाकण घातल्यासारखा एक पत्रा. पाच फूट बाय तीन. वर काढून धुतला तर अक्षरं शाबूत: "उभय देशांच्या सहकार्याने गाळ काढण्याचे काम चालू आहे." काम थांबलं तेव्हा कुणीतरी बोर्ड नदीत सोडून दिला असणार, तो वाहत येऊन नेमका आमच्या पाइपाच्या तोंडावर बसला. फिटर हसून हसून खाली बसला. मीही हसलो. चेअरमनना मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

पंप सुरू केला आणि टाकी पावणेआठला भरली.

काल बैठक झाली. मोठ्या देशाची माणसं करार घेऊन आली होती, त्याच बुटांत. मी एवढंच म्हणालो, "शेजाऱ्याचा पंप उपाशी होता. त्याला जेवू घातलंय. आता तो बंद पडेपर्यंत नदीकाठ कुणाला द्यायचं कारण मला दिसत नाही." दवाखान्याच्या डॉक्टरीण बाई उठून म्हणाल्या, "मलाही दिसत नाही." हात वर झाले. करार पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या वर्षापर्यंत सरकारांचा रुसवा निघेल, नाही तर दुसरा निघेल. काठ आज आपला आहे.

मग चेअरमननी विचारलं, "तुम्ही रोज पंपाजवळ असता. हे तुम्हाला आधी का ऐकू आलं नाही?"

तू विचारलं नाहीस. त्यांनी विचारलं. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. चाळीस वर्षं तीन पंपांमध्ये उभा राहिलो, कान तिथेच ठेवून आलो. आधी उंच आवाज गेले, मग सगळे. नोकरी जाईल म्हणून लपवलं. ताईला माहीत होतं, फिटरला माहीत होतं. तुला सांगायची लाज वाटली. ज्याने तुला ऐकायला शिकवलं, तो बहिरा, हे तुला कोणत्या तोंडाने लिहू?

काढलं नाही मला. सप्टेंबरपर्यंत ठेवलंय, फिटरला तयार करायला. रोज सकाळी तो मूठ कानामागे धरतो, मी म्हणतो तोंड बंद कर. त्याने सांगितलेलं ओठांवरून वाचतो. बरा आहे. तुझ्याइतका बोलत नाही.

कानसेन, माझा कान वाया गेला असं मला वाटायचं. तो नदीपलीकडे चालू स्थितीत आहे, हे या महिन्यात कळलं.

दादा

ता. क. हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. पाणी बंद होतं ते तीन दिवस यांनी हातगाडीवर पिंपं लादून स्वतः दवाखान्यात पाणी पोचवलं. लोक वाटेत वाट्टेल ते बोलत होते. मला फार वाईट वाटायचं. हे म्हणायचे, "बोलू दे, मला कुठे ऐकू येतंय!" धाकटीला सांगा, शाल खरंच रोज पांघरते. - ताई

*

२७ एप्रिल

दादा,

पत्र मी मोठ्याने वाचायला घेतलं. हातगाडीपाशी थांबलो. पुढचं धाकटीने वाचलं.

लाजेचं म्हणता? दादा, मी तुमच्याकडे आलो तेव्हा मला शर्टाची बटणंही नीट लावता येत नव्हती. तुम्ही कधी कुणासमोर मला हसला नाहीत. तुमचे कान पंपांनी खाल्ले, कारण ऐकणारा पंपापासून लांब उभा राहू शकत नाही. मी लवकर बाहेर पडलो, स्वतःचं वर्कशॉप काढलं, म्हणून माझे राहिले. म्हणजे हेही तुम्हीच मला दिलेत. "जा, स्वतःचं काढ," असं म्हणून मला त्या दारातून बाहेर ढकललंत तेव्हा मी आठ दिवस रागावलो होतो. आज तो राग परत घेतो.

इकडची खबर: गेल्या आठवड्यात जकात कचेरीतले साहेब भेटले. यादीची नवी आवृत्ती आली, चहा वगळलाय. पुढच्या आवृत्तीत बेअरिंग बघू म्हणाले. मी काही हुरळून गेलो नाही, पण दुकानातून पावशेर चहा घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

घरात आता माझ्या कानांना पूर्वीची किंमत नाही. काल नळ ठिबकत होता. मी म्हणालो, "वॉशर गेलाय." धाकटी म्हणाली, "नक्की? की त्याला सर्दी झालीय?"

सोबत कॅसेट पाठवतोय. पहिली पंधरा मिनिटं धाकटी ताईंशी बोलते आहे. रडायचं नाही असं तिने काही ठरवलं नव्हतं, तेव्हा रुमाल घेऊन बसा. वेग जुळवायला सोपं जावं म्हणून सुरुवातीला तिने ताईंना लहानपणी मारायची तशी हाक मारली आहे. ताईंनी स्क्रू फिरवावा, त्यांना बरोबर कळेल.

त्यानंतर मी आहे. एकच वाक्य. ते मी आजवर तुम्हाला कधी म्हटलं नाही, आपल्यात म्हणायची पद्धत नाही, आणि पत्रात लिहायला बसलो तर दोनदा खोडलं. तुम्हाला ऐकू येणार नाही, ठाऊक आहे मला. तुमचा तो फूटभराचा स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक टेपरेकॉर्डरच्या जाळीवर टेकवा, आणि मूठ कानामागे नको, दातांत धरा. थरथर लागेल. काय म्हणालो ते ताईंना विचारू नका. पंपाचं ओळखत होतात तसं माझंही ओळखा.

साहेब, शिक्का मारण्याआधी तुम्हीही ऐकालच. ते वाक्य संपल्यावर लगेच बटण दाबू नका. तेच मी पुन्हा एकदा म्हटलंय. दुसऱ्यांदा म्हटलेलं तुमच्यासाठी आहे.

आत्ता सकाळचे आठ वाजायला आलेत, मी गच्चीवर बसून लिहितोय. धाकटी कठड्याला टेकून उभी आहे, कप हातात, अजून घोट घेतलेला नाही. थांबा.

उतरली रेघ. प्यायली चहा.

तुमचा
कानसेन